खडकावरचा पांढरा

नवा चष्मा नाकावर नीट बसला तशी त्या गृहस्थांनी भिंतीवरच्या अक्षरांकडे पाठच फिरवली. "अक्षरं काय, रोजचीच. हे नीट दिसतं का ते बघू," म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला, बोटांनी एक फोटो मोठा केला, आणि आपल्याला दिसतंय ते समोरच्यालाही दिसायलाच हवं अशा हौसेनं तो डोळे तपासणाऱ्या सिग्रुनच्या पुढ्यात धरला. निळं पाणी, पाण्याला टेकलेलं दगडी छपराचं होडीघर, वर उतारावर फुललेली सफरचंदाची झाडं, त्यांच्यामागे छाटून छाटून मुठीसारख्या डोक्यांची झालेली जुनी झाडं, आणि सगळ्याच्या मागे, पलीकडच्या काठावरचा, खाच पडलेला डोंगर. "गेल्या आठवड्यात गेलो होतो, बायकोला घेऊन. काय जागा आहे हो! वाटतं, काळच थांबलाय तिथं. तुम्ही गेलाय कधी?" "जाते अधूनमधून," सिग्रुन म्हणाली. काळ थांबलाय असं कुणी म्हटलं की एरवी तिला हसू यायचं. काळ थांबलेला दिसावा म्हणून तिच्या जन्माच्या त्या बेटावर किती माणसं उजाडल्यापासून राबतात हे तिला माहीत होतं. छपराचे दगड सरकले तर पुन्हा बसवायचे, झाडांची डोकी वेळच्या वेळी छाटायची, ट्रॅक्टर उलटेल अशा उतारावरचं गवत हातानं कापायचं. पण आज हसू आलं नाही. होडीघराच्या वरचा खडक करडा होता. नुसताच करडा. तिनं फोन हातात घेतला, गृहस्थांना न विचारता फोटो आणखी मोठा केला, आणखी, खडकाचे नुसते ठिपके होईपर्यंत. बाहेर बर्गनचा नेहमीचा बारीक पाऊस काचेवरून ओघळत होता. "काय झालं? चष्म्यात काही खोट आहे का?" गृहस्थ घाबरून म्हणाले. "नाही," ती म्हणाली, "चष्मा उत्तम आहे."

तिथं पांढरा असायला हवा होता. घरात त्याला नुसतं 'पांढरा' म्हणत. टेबलावरच्या चादरीएवढा एक चौकोन, दर वर्षी सतरा मेच्या आधी नव्यानं रंगवलेला, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाला घराघरावर झेंडे चढत तेव्हा आपला खडकही न्हाऊनमाखून तयार असे. उन्हाळी पाहुणे विचारत, हे काय? बेटावरचे लोक त्यांना तोंडाला येईल ते सांगत. विमानांसाठी. चेटकिणींसाठी. ऑस्मुंड, बेटाची फेरीबोट चालवणारा, एका जर्मन बाईला म्हणाला होता की मेंढ्यांना घरची वाट कळावी म्हणून, आणि तिनं ते लिहून घेतलं होतं. खरं काय ते प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोलत नसे, कारण प्रत्येकाच्या घराची आपापली खूण होती. तो पांढरा डोंगरातल्या खाचेच्या बरोबर खाली आला, आणि दुसऱ्या बाजूला चर्चचा मनोरा छोट्या टापूमागून डोकावला, की होडीखाली बाबांची मासे धरायची जागा. खोल काळोखात पाण्याखाली एक कडा होता म्हणे, आणि त्या कड्यावर तांबडे मासे, बटबटीत डोळ्यांचे, वर येता येता डोळे आणखीच बाहेर आलेले. अशी जागा कागदावर लिहायची नाही, जमिनीवर उभं राहून सांगायची नाही. एकानं एकाला, पाण्यावर, होडीतच द्यायची. बाबांनी सिग्रुनला एकदा नेलं होतं. ती सात वर्षांची होती, अर्ध्या वाटेतच होडीच्या काठावरून ओकली. बाबा, म्हणजे मॉन्स, फार हसले, वल्ही फिरवली आणि तिला परत आणून सोडलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षापासून तिच्या धाकट्या भावाला, तोरलाइफला, नेऊ लागले. ती खिडकीत उभी राहून बघायची. लांबचं बघायची सवय तिला तिथं लागली असावी. पुढे लोकांचे डोळे तपासायचा धंदा पत्करला, त्याला घरात कुणी याच्याशी जोडलं नाही, तिनं मात्र मनातल्या मनात जोडलं.

दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीतून तिनं आईला फोन लावला. बोरगिल, तिची आई, फोनवर नेहमी ओरडून बोलायची, डोंगरांमधल्या खाडीच्या, फियोर्डच्या, या टोकाहून त्या टोकाला हाक मारावी तशी. कोकरं ठीक आहेत, एका मेंढीला जुळी झाली, एक पायानं अधू आहे पण लाथ चांगली मारतं, सफरचंदांना थंडी लागली नाही, ऑस्मुंडला तिनं परवा झापलं. "का गं?" "खालच्या धक्क्याला फेरी आपटवली मेल्यानं. पन्नास वर्षं चालवतोय आणि अजून धक्का दिसत नाही त्याला. तुझ्याकडे पाठवते." पांढऱ्याचं नाव आईनं काढलं नाही. सिग्रुनच्याही ओठावर येऊन थांबलं. एक तर ते जमिनीवर बोलायचं नसतं ही लहानपणापासूनची खीळ. दुसरं म्हणजे नाताळ. नाताळात तोरलाइफनं जेवणाच्या टेबलावर, मटणाच्या बरगड्या अजून वाफाळत असताना, विषय काढला होता. मुख्य भूमीवर, तो राहतो त्या गावात, म्हाताऱ्यांसाठी नगरपालिकेच्या सदनिका आहेत, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, आणि आई ऐंशीला टेकली आहे. आईनं सुरी खाली ठेवली होती. "ज्या वर्षी माझ्याच्यानं पांढरा रंगवला जाणार नाही, त्या वर्षी घेऊन जा मला. चुपचाप येईन. तोवर या टेबलावर लिफ्टचं नाव काढायचं नाही." तोरलाइफ म्हणाला होता, "शब्द?" आणि आई म्हणाली होती, "माझा शब्द मोडलेला पाहिलायस कधी?" सिग्रुननं तेव्हा आईकडे इतक्या अभिमानानं पाहिलं होतं की तिच्या घशात बटाटा अडकला. आता तोच शब्द दुकानाच्या मागच्या खोलीत तिच्यासमोर उभा होता. सतरा मे होऊन गेला होता.

शुक्रवारी तिनं दुकान लवकर बंद केलं. आधी मोठी बोट, मग बस, मग ऑस्मुंडची फेरी. आणि प्रत्येक टप्प्यावर तिच्या मनात आई थोडी थोडी म्हातारी होत गेली. बोटीत ती नुसती वाकलेली होती, बसमध्ये तिनं काठी घेतली, आणि फेरीच्या डेकवर पोचेपर्यंत ती स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. "अचानक कशी?" ऑस्मुंड म्हणाला. "काही नाही, सहज." "सहज कुणी येत नाही बर्गनहून. बरं, आईला सांग, धक्का मीच दुरुस्त करून देतोय. आणि माझे डोळे उत्तम आहेत." "या एकदा दुकानात, बघू." "नको बाई, तू अक्षरं बदलतेस म्हणतात." हे खरं होतं. गाडीचा परवाना टिकवायला म्हातारी माणसं तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात. दुकानाच्या दारातच त्यांचे ओठ हलत असतात. सिग्रुन बोलत काही नाही, हसून तक्ता बदलते. तिच्या सचोटीचं शहरात नाव होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. फेरी वळली, बेट समोर आलं, आणि पोटातल्या सगळ्या भीतीवरून नेहमीचीच लाट उसळून गेली: हे माझं. डेकवरचे पाहुणे फोन उंच करून उभे होते, आणि तिला त्यांच्या मागे उभं राहून सांगावंसं वाटलं की त्या तिसऱ्या शेताची भिंत माझ्या आजीनं पोटात मूल असताना रचली आहे, नीट फोटो घ्या. मग खडक दिसला. करडा. तिनं ऑस्मुंडकडे पाहिलं. तो खडकाकडेच बघत होता, रोज दोनदा बघतो तसा, आणि त्याला काही दिसत नव्हतं.

आई पडलेली नव्हती. दारात उभी होती, हातात कोकराची दुधाची बाटली, आणि म्हणाली, "पाय पूस." बटाटे उकडले होते, खारवलेला मासा, वर वितळलेलं लोणी, पातळ कडक रोटी, नंतर तपकिरी चीज आणि कॉफी. सिग्रुन खात होती आणि आईचे हात बघत होती, पाय बघत होती, भांडं उचलताना खांदा कुठं थांबतो ते बघत होती. "मी काय तक्ता आहे का?" आई म्हणाली. "बघायचं तर डोळ्यांत बघ आणि विचार." मग सिग्रुननं, पाण्यावर नव्हे, जमिनीवर असतानाच, विचारलं. "आई, पांढरा कुठं गेला?" आईनं कॉफीची कपबशी खाली ठेवली. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की सिग्रुनला क्षणभर ती आपल्याहून लहान वाटली. "मीच खरवडला," ती म्हणाली. "बघायचं होतं, कुणाच्या लक्षात येतं. ऑस्मुंड रोज समोरून जातो, नाही आलं. पाद्री येऊन गेला, नाही आलं. तोरलाइफ सतरा तारखेला आला, केकचे तीन तुकडे खाल्ले, त्या खडकाखाली उभा राहून स्वतःचा फोटो काढला. काही नाही! आणि तू कुठं बघितलंस?" "दुकानात. एकाच्या फोनमध्ये." "फोनमध्ये!" आईनं मांडीवर थाप मारली. "शहरात बसून, परक्याच्या फोनमध्ये! ऐकलंस का रे मॉन्स?" हे शेवटचं तिनं गेलेल्या नवऱ्याला, खिडकीकडे तोंड करून म्हटलं. सिग्रुनच्या कानाची पाळी तापली. बाबांनी तिला होडीतून परत आणून सोडलं त्या दिवसापासून कुठंतरी वळलेली एक मूठ तिच्या आत होती, ती बोट बोट करून सुटत चालली. त्या रात्री ती लहानपणीच्या खाटेवर झोपली ती, बक्षीस मिळालेलं मूल झोपतं तशी.

सकाळी ती उगाच होडीघराकडे गेली. उगाच नाही, ती जागा पुन्हा एकदा बघायला, जिथं तिची परीक्षा झाली आणि ती उत्तीर्ण झाली. खडकाच्या पायथ्याशी नवा, कोऱ्या कडांचा दगडाचा पापुद्रा पडला होता, दाराएवढा, दोन तुकडे झालेला. खाली तोंड करून. तिनं एक तुकडा रेटून उलटा केला आणि पांढरा तिच्याकडे बघू लागला. थंडीत फटीत पाणी गोठलं असणार आणि खडकानं आपली कातडीच सोडली असणार, पांढऱ्यासकट. कुणी काही खरवडलं नव्हतं. रंगाची कड बिस्किटाएवढी जाड होती, आणि तिच्यात थरावर थर होते, काही पिवळट, काही निळसर, बाबांच्या हयातीतले आणि नंतरचे, सगळे मे महिने एकावर एक. तिनं कडेचा कपचा मोडून खिशात टाकला. मग होडीघरात शिरली. फळीवर रंगाचा डबा होता, झाकण न उघडलेला; शेजारी नवा ब्रश, दुकानाच्या कागदात तसाच. दोरही होता. दोराला चिखल लागलेला होता, आणि खडकाच्या पहिल्या पायरीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, शेवाळ खरडलं गेलं होतं, घसरलेल्या बुटानं. त्याच्या वर काही नव्हतं. सिग्रुन दारात बसली. म्हणजे आई आली होती, डबा घेऊन, दोर घेऊन. पहिल्या पायरीवर पाय टेकला होता. आणि मग तिनं सगळं पुन्हा फळीवर नीट लावून ठेवलं होतं, कागदाची घडीसुद्धा न मोडता, आणि घरी जाऊन बसली होती, कुणी विचारायची वाट बघत. किंवा कुणी विचारू नये अशी वाट बघत. अक्षरं पाठ केली होती तिनं. आणि समोर बसली होती तक्ता बदलणारी मुलगी. आपण कालच्या रात्री किती सुखानं झोपलो हे आठवून सिग्रुनला लाज वाटावी तशी वाटली; पण गंमत अशी की आतली ती सुटलेली मूठ पुन्हा वळेना. लक्षात तर आलंच होतं ना. परीक्षा खोटी असेल, उत्तर तर तिचं खरंच होतं.

ती डबा घेऊन घरी आली आणि टेबलावर ठेवला. आई बटाटे सोलत होती. डब्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, साल तुटू न देता हातातला बटाटा पुरा सोलला. "गुडघा," ती म्हणाली. तेवढंच. मग थोड्या वेळानं, "कळवलंस त्याला?" "नाही." "शब्द दिलाय मी." "ठाऊक आहे." "मोडायचा नाही." "आई, तू काय म्हणाली होतीस? माझ्याच्यानं रंगवला जाणार नाही तेव्हा. वर चढलं जाणार नाही, असं नव्हतीस म्हणाली." आई उठली. सुरी धुतली, पुसली, खुंटीवर अडकवली. "होडीत बसायचं तर आत्ताच सांग, ओकणार असशील तर कॉफी देत नाही." पाणी ताणलेल्या कापडासारखं होतं. आई वल्हवायला बसली आणि गुडघा, पाठ, ऐंशी वर्षं, सगळं धक्क्यावर राहून गेलं. हात तसेच पुढे गेले, मागे आले, जसे सिग्रुनच्या आठवणीत कधीच येत नसत, कारण तिच्या आठवणीत वल्ही नेहमी बाबांकडे होती. "तुला कोण घेऊन आलं या जागेवर?" सिग्रुननं विचारलं. "बाबा?" आई हसली. "तो? बायकोला जागा दाखवणारा पुरुष या बेटावर अजून जन्मायचाय. मी चुलीपाशी उभी राहायची, बटाट्याला पाणी ठेवून. होडी कपडे वाळत घालायच्या खांबाआड गेली आणि पलीकडून बाहेर आली नाही, की समजायचं, पोचला. मग बटाटे टाकायचे. परत फिरला की मासा तळायला लोणी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हापासून मला त्याची जागा ठाऊक. त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की बायकोच्या हाताला काय चव आहे, जेवण कसं नेमकं गरम मिळतं." तिनं वल्ही थांबवली. "आता मागे बघ. आपली खिडकी दिसते?" दिसत होती. "खांब कुठं आहे?" सिग्रुननं बघितलं. खांब खिडकीच्या शेजारी होता. होडी वाहत थोडी सरकली, खांब चौकटीवर आला, मग काचेवर, बरोबर मधोमध, बाहुली बुबुळात बसावी तसा. आणि उजवीकडे टापूमागून मनोऱ्याचं टोक निघालं. "बस," आई म्हणाली. "ही तुझी." सिग्रुनला मळमळलं नाही. तिला काहीच झालं नाही, फक्त डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि खांब दोन झाले. "पूस ते," आई म्हणाली. "नीट बघून घे, पुन्हा सांगणार नाही."

"मग पांढरा कशाला?" परत येताना तिनं विचारलं. "तुला तर लागतच नव्हता. बाबा गेल्यावर इतकी वर्षं त्या खडकावर दोरानं लोंबकळलीस." आईनं वल्ही उचलून धरली, त्यांवरून पाणी ठिबकत होतं. "खांब माझा," ती म्हणाली. "पांढरा त्याचा. चुलीपाशी उभी राहून मी सगळं पाहिलं, त्याला काही कळू दिलं नाही. निदान त्याची खूण तरी नको पुसू द्यायला?" आणि लगेच, "उतर आता. डबा घे. दोर कमरेला दोनदा गुंडाळ, शहरी बाया एकदाच गुंडाळतात आणि मग वर्तमानपत्रात येतात."

वर चढायला तिला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला आणि भीती वाटली होती त्याहून जास्त वाटली. नवा खडक कोरा होता, गुलाबीसर, अजून शेवाळही न शिवलेला. जुन्याची रेघसुद्धा नाही. कुठं रंगवायचं हे तिथून कुणालाच कळलं नसतं. ते फक्त खालून, त्या एका जागेवरून कळणार होतं, आणि तिथं आई जाऊन पोचली होती, खांब खिडकीत बसवून, खडकावर डोंगराच्या खाचेखालची जागा हेरत. सिग्रुननं ठरल्याप्रमाणे उशीचा अभ्रा खडकावर धरला. होडीतून वल्हं डावीकडे आडवं झालं. ती डावीकडे सरकली. "अजून!" पाण्यावरून आवाज आला, स्पष्ट, टेबलापलीकडून यावा तसा. "अजून! अगं डावा हात, जेवतेस तो नव्हे!" मग वल्हं उभं झालं, म्हणजे तिथंच. तिनं डबा उघडला. रंग लावायला घेतल्यावर हाताला आपोआप वेग आला, चौकोन भरू लागला, ओघळ मनगटावरून बाहीत शिरले, आणि तिला जाणवलं की आपण बघतोय ती रेघ दोन्ही बाजूंनी चालू आहे. तिथून इथवर जे दिसतं तेच इथून तिथवर. बाबा तिथं होते तेव्हा आई इथं, काठावर होती, आता आई तिथं आहे, तेव्हा इथं आपण. खिशातला फोन वाजला. कोरड्या हाताच्या दोन बोटांनी तिनं तो कानाला लावला. तोरलाइफ होता. "बेटावर आहेस म्हणे? ऑस्मुंड म्हणाला. बरं झालं. ऐक, नगरपालिकेचा फोन आला होता, एक सदनिका रिकामी झालीय, सोमवारपर्यंत कळवायचं आहे. खरं खरं सांग. आईनं या वर्षी पांढरा रंगवला का गं? मी सतरा तारखेला होतो, पण माझ्या काही लक्षात नाही आलं."

सिग्रुननं खाली पाहिलं. आईनं वल्ही आत घेतली होती. गळाचं चाक ती दोन्ही हातांनी फिरवत होती, सावकाश, न थांबता, पाठ सरळ. एवढ्या खोलातून काही वर आणायचं तर घाई चालत नाही. आयुष्यभर सिग्रुननं कुणाला न दिसलेलं अक्षर दिसलं म्हणू दिलं नव्हतं. आजही म्हणू देणार नव्हती.

"रंगवतेय," ती म्हणाली.

"रंगवतेय म्हणजे? आत्ता? जूनमध्ये? एकटी चढलीय का ती तिथं?"

"मी आहे ना. ब्रश धरायला."

"म्हणजे तू रंगवतेयस!"

"तोरलाइफ, कुठं लावायचा ते तुला सांगता येईल? मला नाही येत. ती सांगतेय, मी लावतेय. थांब, तूच ऐक." तिनं फोन पाण्याच्या दिशेनं धरला. खाली करड्या-निळ्यावर एक तांबडा ठिपका वर आला होता, आणि म्हातारी तो मासा कल्ल्यांना धरून डोक्यावर उंच करून होडीत उभी राहिली होती, उभं राहू नये अशा होडीत, आणि तिचा आवाज सगळ्या फियोर्डवरून येत होता: "जागेवर आहे! हलवू नकोस! खालचा कोपरा राहिलाय, आंधळे!"